शेवटच्या परीक्षेपासून एकशेवीस दिवस

मिल्स फोर्क, नेब्रास्का
शनिवार, ४ जानेवारी

प्रिय ट्रूडी,

दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या बाईनं टपालाचं तिकीट लावून पत्र कशाला पाठवावं, फोनला काय झालं, असं तू म्हणशील. फोनला काही झालेलं नाही, मलाच झालंय. फोनवर मी तोंड उघडलं की दुसऱ्या वाक्याला तू म्हणणार, “अगं, जाऊ दे ना ग्लेंडा,” आणि मी लगेच जाऊ देणार. नऊ वर्षं आपलं हेच चाललंय. कागद मध्येच “जाऊ दे” म्हणत नाही, म्हणून कागद घेतला. चहा करून घे आणि शेवटपर्यंत वाच, एवढंच मागणं आहे.

आधी चांगली बातमी, जी तुला आधीच माहीत आहे. तरी मला सांगू दे, कारण अशी बातमी सांगण्याची माझी ही शेवटचीच पाळी, जूनमध्ये मी निवृत्त होतेय. तुझी लेक ब्रिना नोकरीत कायम झाली. मंगळवारी मुख्य ऑफिसातून मंजुरी आली. तिचा शेवटचा पेपर शुक्रवारी तेरा डिसेंबरला दुपारी संपला आणि ती कॉलेजच्या दारातून बाहेर पडते तोच मी तिला फोन केला. म्हटलं, “मैत्रिणींबरोबर पिझ्झा नंतर खा. आधी रजिस्ट्रारच्या खिडकीशी जा आणि सगळे विषय पूर्ण झाल्याचं पत्र घे. तारीख आजची आहे का बघ. शिक्का आहे का बघ.” ती हसायलाच लागली. म्हणाली, “मावशी, अहो, मला आधी पेन तरी खिशात ठेवू द्या!” सोमवारी सकाळी तिचे कागद रवाना झाले. दोन उन्हाळे आणि चार सत्रं ती शेतजमिनी राखणाऱ्या आपल्या सरकारी माती-पाण्याच्या ऑफिसात, शिकता शिकता, विद्यार्थी म्हणून काम करत होती. पोरीला तुझा हात आलाय. ओली माती अंगठ्यानं बोटावरून पट्टीसारखी सरकवते आणि डोळे मिटून सांगते, चिकणमाती किती नि वाळू किती. प्रयोगशाळेचा निकाल दहा दिवसांनी येतो आणि तेच सांगतो.

ऑफिसातला तुझा पहिला दिवस मला अजून दिसतो. एकेचाळीस वर्षांची विद्यार्थिनी! साखरेच्या बीटच्या वजनकाट्यावर सोळा हंगाम ट्रक तोललेली बाई पाठीवर दप्तर अडकवून आत आली, तेव्हा आपल्या साहेबांना, व्हर्नना, वाटलं की तू मुलीच्या अर्जाची चौकशी करायला आलीयेस. नोकरीची कागदपत्रं माझ्याकडे, म्हणून मीच त्यांना नियम काढून दाखवला. विद्यार्थी म्हणजे जो शिकतो तो, त्याला वय लिहिलेलं नाही. पेट्रोल पंपावरच्या कॉफीच्या टेबलावर बसणारे ते म्हातारे तुला किती दिवस छळत होते, “काय विद्यार्थिनीबाई, आज डब्यात आईनं काय दिलंय?” आणि तू एक दिवस खरोखरच टॉवेलमध्ये गुंडाळलेले कोबी-खिम्याचे गरम बन त्यांच्या टेबलावर ठेवलेस आणि म्हणालीस, “आईनं दिलंय. खा आणि तोंड बंद ठेवा.” तेव्हापासून त्यांच्यातला एकही काही बोलला नाही. शिवाय दर गुरुवारी बनची वाट बघायला लागले, ते वेगळंच.

तुला आठवतं का, दुसऱ्या वर्षी तू रसायनशास्त्र सोडायला निघाली होतीस? ब्रिनाला कांजिण्या, काट्यावर रात्रपाळी, आणि त्या विषयात सलग दोनदा नापास. माझ्या टेबलापाशी येऊन रडायला लागलीस. मी तुला रुमाल दिला आणि नियम सांगितला. निदान अर्धवेळ तरी शिकत असलं पाहिजे. हा एक विषय सोडलास तर तू अर्धवेळसुद्धा राहत नाहीस, आणि मग मला तुला या खुर्चीवरून उठवावं लागेल. “तू उठवशील मला?” असं तू विचारलंस. मी म्हटलं, “डोळ्यांत पाणी आणून, पण उठवीन.” मग त्या सबंध हिवाळ्यात दर रविवारी चर्चनंतर तू माझ्या स्वयंपाकघरात बसलीस. मला रसायनशास्त्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. तू मला समजावत होतीस आणि समजावता समजावता तुलाच समजत गेलं. पास झालीस तेव्हा तू सगळ्यांना सांगत सुटलीस, “ग्लेंडा आहे म्हणून मी आहे. नियमांच्या बाबतीत ती म्हणेल ते डोळे मिटून करायचं.” मला ते फार आवडलं होतं, ट्रूडी. इतकं आवडलं होतं की मी तो मान अंगावरून उतरवूच शकले नाही. पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं.

आता मूळ गोष्ट. कायम होण्यासाठी लागणारं सहाशे चाळीस तासांचं काम तू केव्हाच पूर्ण केलं होतंस, त्याच्या दुप्पट केलं होतंस. तुझी शेवटची परीक्षा अठरा डिसेंबरला झाली. त्या वेळचा नियम होता की अभ्यासक्रम पूर्ण झाल्यापासून एकशेवीस दिवसांच्या आत विद्यार्थ्याला, खुल्या अर्जांच्या यादीत न घालता, थेट कायम करायचं, नाहीतर ती वाट बंद. पण आपल्या कॉलेजात पदवीदान एकदाच, मे महिन्यात. तुझ्याआधी माझ्या हाताखालून जे सात विद्यार्थी गेले ते सगळे मेमध्येच सुटले. परीक्षा आणि पदवीदान एकाच आठवड्यात. मी कायम पदवीदानापासून दिवस मोजले आणि कायम बरोबर निघाले. हिवाळ्यात संपवणारी तू पहिलीच. आणि मी, सगळ्या नियमांची मालकीण, त्या ओळीतला “पूर्ण झाल्यापासून” हे शब्द पुन्हा वाचायची तसदी घेतली नाही.

तू जानेवारीत माझ्याकडे आली होतीस. बर्फ झाडत आत आलीस आणि विचारलंस, “ग्लेंडा, कागद आत्ताच पाठवू या का?” मी म्हटलं, “घाई कसली? मेमध्ये झगा घाल, टोपी उडव, केक काप, मग पाठवू. दिवस तिथून धरतात.” एप्रिलच्या शेवटी आपण फॉर्म तयार करायला बसलो. शिक्षण पूर्ण झाल्याची तारीख, या रकान्यापाशी तू थांबलीस. पेन वर धरून माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, “डिसेंबर ना?” मी म्हटलं, “मे लिही.” तू लिहिलंस.

फॉर्म तपासणीसाठी आगाऊ पाठवला होता; आठवड्यानं मुख्य ऑफिसातल्या माणसाचा फोन आला. व्हर्ननी तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. “तुमच्या बाईंनी मे लिहिलंय. कॉलेज म्हणतं डिसेंबर. मुदत सोळा एप्रिललाच संपली. आता काही करता येणार नाही.” व्हर्ननी फॉर्म उचलून विचारलं, “हे कुणी लिहिलं?” माझ्या हातात स्टेपलर होता, तो मी घट्ट धरून उभी राहिले. तू माझ्याकडे एकदा पाहिलंस. मग म्हणालीस, “अक्षर माझंच आहे.” मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. पण बावीस वर्षांत माझा एकही कागद परत आला नव्हता आणि मला तेवढंच सुचलं. तू टेबल आवरलंस, मातीच्या नमुन्यांचा तुझा तो लाकडी डबा मला दिलास आणि त्या शरदात पुन्हा बीटच्या काट्यावर जाऊन उभी राहिलीस.

इथपर्यंतचं तुला ठाऊक आहे. आपण त्यावर कधी बोललो नाही, तरी ठाऊक आहे. जे ठाऊक नाही ते आता लिहिते.

पुढच्या वर्षी तीच जागा जाहीर झाली, सगळ्यांसाठी खुली. तू अर्ज केलास. विद्यार्थी म्हणून नव्हे, चारचौघांसारखा, लांबलचक यादीतून. मुख्य ऑफिसनं व्हर्नकडून तुझ्याबद्दल चार ओळी मागवल्या. ते बोलत गेले आणि मी टाइप केलं. “शेतावर हिच्यासारखं माणूस नाही. शेतकरी हिचं ऐकतात. मात्र कागदाला कच्ची. स्वतःच्या पदवीची तारीख चुकीची लिहिली होती.” शेवटचं वाक्य टाइप करताना माझी बोटं थांबली होती. व्हर्न म्हणाले, “काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही, रिबन अडकली.” आपल्याकडे कॉम्प्युटर येऊन तोवर पंधरा वर्षं झाली होती, ट्रूडी. टाइपरायटरच नाही तर कसली रिबन! व्हर्नच्याही लक्षात आलं नाही. पत्र गेलं, आणि जागा लिंकन शहरातल्या कुठल्याशा मुलाला मिळाली. तो दोन हंगामही टिकला नाही. व्हर्न दोन वर्षांपूर्वी गेले. मी त्यांच्या कबरीपाशी उभी होते, तू माझ्या शेजारी होतीस, तू मला रुमाल दिलास. तुला वाटलं मी त्यांच्यासाठी रडतेय.

मधे नियम बदलला. आता एकशेऐंशी दिवस असतात. ते परिपत्रक वाचलं आणि मी बाथरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं. बोटांवर मोजलं. अठरा डिसेंबरपासून एकशेऐंशी दिवस म्हणजे जूनचा मध्य. माझ्या त्याच चुकीसकट तू आरामात मुदतीच्या आत असतीस. मी वाईट बाई आहे असं मला वाटत नाही. भित्री आहे. आणि भित्रेपणाचा त्रास दुसऱ्यालाच होतो, हे मला त्या दिवशी नीट कळलं. त्याच सुमाराला ब्रिनाचे तास पूर्ण होत आले होते. मी तिच्या नावाचं एक कॅलेंडर भिंतीला लावलं आणि लाल पेन्सिलीनं रोज एक चौकोन खोडायला लागले. ऑफिसातले सगळे मला हसत होते.

डिसेंबरात ती फॉर्म भरायला बसली. तारखेच्या रकान्यापाशी आली आणि फॉर्म माझ्याकडे सरकवून म्हणाली, “मावशी, ही तुम्हीच घाला. आई म्हणते, तारखांचा घोळ आमच्या घराण्याच्या रक्तातच आहे. तिनं म्हणे एकदा डिसेंबरच्या जागी मे लिहिलं नि नोकरीच घालवली.” आणि हसली. तू तिला ही गोष्ट हसत सांगितली असणार, म्हणून ती हसली. आणि ट्रूडी, मीही हसले. तिच्यासमोर बसून, तुझ्यावर हसले. तू तुझ्या पोटच्या पोरीपाशीसुद्धा माझं नाव घेतलं नव्हतंस. त्या रात्री मी स्वयंपाकघरात गेले. ऑक्टोबरात तू दिलेल्या बनचा डबा ओट्यावर पडून होता. धुतलेला, पण परत न केलेला. तो मला बघवेना.

या पत्रासोबत एक कागद आहे. त्यावर मी लिहून सही केलीय की ती तारीख तू माझ्या सांगण्यावरून लिहिलीस आणि व्हर्नच्या चार ओळींतली शेवटची ओळ खोटी होती. अशीच एक प्रत काल मुख्य ऑफिसकडे तुझ्या फाइलसाठी पाठवली. माझं काय करायचं ते ते ठरवतील, करू देत. माझी जागा जूनमध्ये जाहीर होईल, आणि विद्यार्थ्याला जसं वय नाही तसं अर्जदारालाही नाही. तू पन्नासची आहेस. हे लिहिण्याचा मला हक्क आहे की नाही कळत नाही, पण नियम सांगायची खोड जात नाही.

आता हे पत्र आजच का, ते. सोमवारी, तेरा तारखेला, सकाळी आठ वाजता जिल्ह्याच्या नकाशाखाली ब्रिना उजवा हात वर करून सरकारी नोकरीची शपथ घेईल. शपथ देणारी मीच आहे. मी एकेक तुकडा म्हणायचा आणि तिनं माझ्यामागून म्हणायचा. त्यात एक ओळ आहे, की हे मी राजीखुशीनं, मनात काहीही राखून न ठेवता स्वीकारते. तुझ्या नावाचा शपथेचा कागद मी त्या वर्षी मार्चमध्येच टाइप करून ठेवला होता. तो अजून माझ्या खालच्या खणात आहे, सहीची जागा कोरी. तुझ्या लेकीला ती ओळ माझ्यामागून म्हणायला लावायची तर आधी मला ती म्हणता आली पाहिजे. ब्रिनाला मी काल सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, “आईला माहितेय, की तुम्ही हे सगळं कबूल करताय?” म्हणून हे. तू ये, ट्रूडी. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, तुझा बनचा डबा घेऊन जा आणि दार आपटून जा. पण शपथ संपली की पोरगी मागं वळून बघणार आहे, आणि तिथे तू असायला हवीस.

अजून तसं म्हणू देत असशील तर,
तुझीच
ग्लेंडा