प्रिन्सची पावसाळी चादर

२ जून १९८६, सोमवार

आज आमच्या वाडीत घोडा आला. खरा! तपकिरी, उंच, कपाळावर पांढरा ठिपका. टेम्पोतून उतरला तेव्हा अख्खं वाकोला बघायला जमलं. लग्नात मला बघायलासुद्धा एवढी माणसं नव्हती.

घोडा ह्यांच्या शेठचा. चंद्रप्रकाश शेठचा जुहूचा बंगला पाडून तिथे इमारत होणार, आणि तोवर शेठ मुलाकडे अमेरिकेला जाणार. मग ह्या प्रिन्सला ठेवायचं कुठे? ऑफिसात सगळे एकदम टेबलावरचे कागद वाचायला लागले म्हणे. आमच्या ह्यांनी तेवढा हात वर केला. "सर, आमच्या घरामागे शेड आहे." शेड! सासरे गेले तेव्हापासून त्यात फाटकी जाळी आणि घुशी.

ऑगस्टात हेडक्लार्कची जागा रिकामी होते. ऑफिसातला अंबादास की आमचे श्यामकांत, ते शेठ परत आल्यावर ठरवणार. म्हणजे ह्यांची बढती टेम्पोतून आली आणि मागच्या दाराशी उभी राहून चारा मागतेय.

३ जून

विमानतळावर हे हार घालत असताना शेठ म्हणाले, "श्यामकांत, पावसाचा एक बूंद पण लागायला नको हां त्याला. एकदम फर्स्टक्लास वॉटरप्रूफ चादर घ्या. तुमच्यावर सोडतो." हे 'तुमच्यावर सोडतो' जेवताना इतक्या वेळा ऐकलं की मला ठसका लागला.

मी म्हटलं, शेडचं छप्पर गळतंय, आधी त्यावर पत्रे टाका ना. तर म्हणाले, "शेठ चादर म्हणाले. पत्र्याचं काही बोलले नाहीत."



८ जून, रविवार

चादर नंबर एक. निळं प्लास्टिक, लोक घराच्या कौलांवर घालतात तेच. सुतळीने पोटाखाली बांधलं. वारा आला, प्लास्टिक फडफडलं, आणि प्रिन्स उधळला तो माझी वाळवणाची दोरी कपड्यांसकट घेऊन! हे मागून "प्रिन्स, प्लीज! प्लीज!" करत पळतायत. इंग्रजीत. घोडा शेठचा ना.

सासूबाई बाजारातून रिकामी टोपली घेऊन येत होत्या. त्यांचं हिरवं लुगडं गळ्यात अडकवून समोरून घोडा आला. जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "माजं लुगरं नेसून ह्यो कोन पावना आला गो?"

हसून हसून मी पायरीवर बसले. हे दोन दिवस बोलणार नाहीत.

११ जून

घोड्याची मापं घेतली. मान, खांदा, छाती, पाठ, शेपटीचं मूळ. सगळी वेगवेगळी लिहून ठेवलीत. माझ्या बांगडीचं माप विचारा ह्यांना!

१५ जून, रविवार

चादर नंबर दोन. लाल रबरी कापड. बाळंतिणीच्या गादीवर घालतात ते. औषधाच्या दुकानदाराने ह्यांचं अभिनंदन केलं आणि ह्यांनी ते मुकाट घेतलं.

चाचणी माझ्यावर. "घोडा बोलत नाही, तू सांगशील." मी मोरीत उभी, अंगावर रबर, हे स्टुलावर चढून तांब्याने पाणी ओततायत.

"वाकून उभी राहा गं. घोडा असा ताठ नसतो."

वाकले.

"आता मान हलव."

हलवली. सासूबाई मोरीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ बघितलं आणि चंची सोडून पान लावायला बसल्या. सून वेडी झाली की मुलगा, एवढंच ठरायचं राहिलं असावं.

१९ जून

रबर वरून भिजलं नाही. आतून मात्र घोडा चिंब! श्वास घ्यायला जागाच नाही कापडाला, सगळा घाम आत. पाठीवर बारीक पुरळ उठलंय. ह्यांचं तोंड एवढंसं झालं.

सासूबाई पहाटे मासळी आणायला निघाल्या होत्या. डोक्यावर गोणपाटाची खोळ. जाताना माझ्या कानाशी बोलल्यासारखं करून मुलाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "घोऱ्याला रबराची शीट, नि आयशीला गोनपाट. बराय."

ह्यांनी ऐकून घेतलं आणि घोड्याची पाठ पुसत राहिले.

इथे एक नोंदवून ठेवते. हे दिवसभर ऑफिसात. लीद कोण काढतं? मी. पाणी? मी. खरारा? मीच. चादरीचं खातं तेवढं ह्यांच्याकडे.

२२ जून, रविवार

अंबादास आला, म्हणे सहज. पांढरे बूट घालून चिखलात. घोड्याला लांबून बघितलं, शेडच्या छपराकडे बघितलं, माझ्या हातातल्या लिदीच्या घमेल्याकडे बघितलं. चहाला नाही म्हणाला.

निघताना ह्यांना म्हणतो, "मी शेठच्या सासूबाईंना काशीला घेऊन चाललोय. पुढच्या आठवड्यात." मग गेटापाशी थांबून, "घोड्याचं काय यार, आज आहे उद्या नाही. सासू टिकते."

हे जेवले नाहीत.

२९ जून, रविवार

चादर नंबर तीन! नाक्यावरचा माणिक रिक्षांचे हूड शिवतो, त्याला गाठलं. "रिक्षाचं छत अख्खा पावसाळा काढतं ना? मग घोड्याचं काढेल." माणिकने प्रिन्सभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "मागून खिडकी ठेवू काय?"

काळं रेक्झिन, कडेला पिवळी पट्टी. घोडा बाहेर काढला तर नाक्यावरची पोरं ओरडायला लागली. "ओ, सांताक्रूझ स्टेशन!" एकाने तर हात करून थांबवलं. प्रिन्सने त्याच्याकडे बघितलंही नाही. भाडं नाकारण्यात अगदी आमच्या नाक्यावरच्या रिक्षावाल्यांसारखा.

पाणी आत गेलं नाही, घामही कमी. हे खूश. उद्या फोटो काढून अमेरिकेला पाठवायचाय.

२ जुलै

फोटो राहिला. रेक्झिनची कड कडक, खांद्यावर घासून घासून दोन्ही बाजूंना कातडी सोलली. मी सकाळी बघितलं. चादर काढून ठेवली आणि संध्याकाळी ह्यांना नेऊन दाखवलं. वाटलं, आता म्हणतील, शेठला काय सांगू?

तसं म्हणाले नाहीत. कंदील जवळ धरून खाली बसले. "लागलं का रे?" म्हणाले. मराठीत.

५ जुलै

आज जे बघितलं ते लिहायला लाज वाटतेय, पण इथे कोण वाचतंय?

पाऊस धो धो. खांद्यावर जखम, म्हणून चादर घालता येत नाही. शेड गळतेय. मी मागचं दार उघडलं तर हे घोड्याजवळ उभे, हातात आपली ऑफिसची छत्री, ती सबंध त्याच्या खांद्यांवर धरलेली. स्वतः नखशिखान्त ओले. चष्म्यावरून पाणी गळतंय. आणि बोलतायत त्याच्याशी. शेठचं नाही, ऑफिसचं नाही. लहानपणी दांड्याच्या कोळीवाड्यात बापाबरोबर होडीत बसायची भीती वाटायची, ते सांगत होते. बाप हसायचा, ते सांगत होते.

मला नव्हतं हे माहीत! लग्नाला सात वर्षं झाली.

मी दार हळूच लावून घेतलं. चहा केला, आलं जास्त घातलं. मला हा माणूस आवडला आज. स्पष्टच लिहिते. फार आवडला.

९ जुलै

मीच म्हटलं, वरून मांडवाचं वॉटरप्रूफ कॅनव्हास घ्या आणि आतून सुती अस्तर लावा. घाम टिपेल, घासणार नाही. नवीन सुती कापड कडक असतं, म्हणून माझी जुनी मऊ पातळं काढून दिली. त्यातलं मोतिया रंगाचं आईने दिलेलं. ते देताना एकदा नाकाशी धरलं आणि मग दिलं.

हे म्हणाले, "तुझं?"

म्हटलं, "मग काय शेठच्या बायकोचं?"

हसले! माझ्या बोलण्यावर. माणिक, खांद्यांवर कापूस भर रे बाबा, नीट भर.

१३ जुलै, रविवार

जमली! चादर नंबर चार. छातीशी दोन पट्टे, पोटाखाली दोन, शेपटीवर एक झडप. दिवसभर कोसळत होता आणि प्रिन्स वाडीत मजेत गवत खात होता. संध्याकाळी ह्यांनी माझा हात धरला आणि चादरीच्या आत पाठीवर ठेवला. कोरडी. ऊबदार. दोघांचे हात आत. तसेच राहिलो जरा वेळ.

सासूबाईंनी बोंबील तळले. हे मागून घेऊन जेवले. एरवी ऑफिसात वास जातो म्हणून बोंबलाला हात लावत नाहीत.

आणि रात्री म्हणाले, शेडवर पत्रे टाकूया. शेठ काही बोलले नव्हते, तरी!

२७ जुलै

पत्रे अजून नाहीत. पण रोज संध्याकाळी घरी आले की आधी मागच्या दारी जातात. मीही जाते. बोलतो आम्ही. कशावरही. झकास चाललंय, असं लिहायला भीती वाटते म्हणून लिहीत नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार

शेठ आले. हेडक्लार्क — अंबादास.

हे सात वाजता आले, बूट न काढता खाटेवर बसले. मी विचारलं, प्रिन्सचं काय म्हणाले? चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "शेठना आठवेचना. नंतर म्हणाले, 'अरे, अजून आहे तो? मला वाटलं, देऊन टाकला असेल कुणाला. ठेवा तुम्हीच.'"

मला फार वाईट वाटलं ह्यांच्यासाठी. खोटं नाही. पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला. म्हटलं, जाऊ दे, घोडा तर आपला झाला ना?

माझ्याकडे बघितलं ते मी वेडी असल्यासारखं.

मागच्या दारी गेले नाहीत आज.

१९ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. सासूबाई दांड्याला जाऊन नारळ सोडून आल्या. मी नारळीभात केला. ह्यांनी दोन घास खाल्ले.

दुपारी शेडमधून घोडा काढून ह्यांनी वाडीत आंब्याला बांधला. शेड रिकामी करून तिथे स्कूटर ठेवायची म्हणे, अंबादासने घेतलीय तशी घेऊन. चार वाजता पावसाने झोडपायला सुरुवात केली. चादर खिळ्यावर. घोडा बाहेर.

मी म्हटलं, "अहो, भिजतोय तो."

पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "भिजू दे. कोणाला दाखवायचाय आता?"

एवढ्या शांतपणे बोलले! रागाने बोलले असते तर चाललं असतं.

चादर घेतली आणि गेले. पट्टे बांधताना एक पट्टा चुकून दोनदा बांधला. प्रिन्सने वळून मागच्या दाराकडे बघितलं. कोणाला शोधत होता ते मला कळलं आणि मग मला रडू आवरेना. त्यालाही ते खरं वाटलं होतं. छत्री, होडी, बाप, सगळं.

मग मी कोण? बढती गेली तसा घोडा बाहेर; मलाही एक दिवस असंच आंब्याला बांधतील.

२१ ऑगस्ट

घोड्याला गिऱ्हाईक मिळालं. रेतीची गाडी ओढायला. रविवारी माणूस येणार. हे अगदी उत्साहात सांगत होते. चादरीचे वेगळे मिळतील का, तेही विचारलंय.

सासूबाई कोयती घासत होत्या. मुलाकडे बघितलंच नाही. मला म्हणाल्या, "मालन, तुज्या भावाच्या होऱ्या उतरल्या का गो पान्यात?"

म्हटलं, उतरल्या.

"मंग त्याला चिठ्ठी धार." रात्रीच लिहून धाडली, मासळीवाल्यांच्या हाती.

२३ ऑगस्ट, शनिवार. मनोरी.

माहेरी पोचलो. सकाळी माझा भाऊ अनंता मासळीचा टेम्पो घेऊन आला, त्यातून मार्व्याला, तिथून त्याच्या होडीतून खाडीपार. प्रिन्स होडीत गप्प उभा होता. सासूबाई त्याच्या पायाशी आपलं बोचकं घेऊन. त्या येणार हे मला टेम्पो सुटताना कळलं.

हे रिक्षा करून मार्व्याच्या धक्क्यापर्यंत आले. होडी सुटली होती. तिथून ओरडत होते, "उद्या माणूस येणार आहे! घोडा परत कधी आणणार?"

माझं विचारलं नाही. आईचंही नाही.

मी ओरडून सांगितलं, "घोडा येणार नाही!"

बाकी कोण येणार नाही, ते त्यांनी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.