पायाने रंगवलेला पडदा

दहिसर, ता. ९ ऑगस्ट १९८४

चि. सौ. विमलास, वनमालाआक्काचे अ. उ. आ.

परवा घरी आला गुणाजी, पलीकडच्या चाळीच्या गणपती मंडळाचा अध्यक्ष. मागून मंडळातलाच सहदेव, चपला कुठे काढू विचारत. शाळेच्या प्रदर्शनात माझ्या नातीचं, सुलूचं चित्र बघून आले होते. गणपतीमागचा पडदा हिनेच रंगवायचा म्हणे, शंकर-पार्वती आणि बाळगणपती! मी अशी हरखले, चहात साखर दोनदा घातली.

पण पोरीला जन्मापासून हात नाहीत, हे त्यांना कुठे ठाऊक? तिने पायाच्या बोटांत ब्रश धरला आणि गुणाजीचा कप ओठाशीच राहिला. देवाला पाय लागलेला चालायचा नाही, म्हणाला आणि उठला. सुलू जेवली नाही गं. काहीतरी सुचव.

तुझी आक्का

चेंबूर, ता. १३ ऑगस्ट

ती. आक्कास विमलाचा सा. न. वि. वि.

सुलूला ब्रश दातांत धरायला सांग. जमेल हळूहळू. आणि तू मंडळाशी भांडू नकोस बाई, तुझी जीभ मला माहीत आहे. पोरीला जेवायला घाल. आमच्यावर माया आहेच, ती राहू दे.

विमला

दहिसर, ता. १८ ऑगस्ट

चि. सौ. विमलास अ. उ. आ.

तुझं सांगितलं तर सुलू माझ्यावरच उखडली. तोंडातला ब्रश उष्टा, तो देवाला चालतो? आणि पाय तर मी साबणाने धुते, म्हणाली. मी तशीच गुणाजीच्या दारात गेले आणि चारचौघांत हेच विचारलं. भांडले नाही हं, फक्त विचारलं. बघायला येतो म्हणाला.

काल दोघं परत आले. सुलूने रंगवत आणलेल्या पडद्यावर त्यांच्यासमोर पायानेच पार्वतीचे डोळे काढले. सहदेव झकास म्हणून ओरडलाच. गुणाजीही वरमला, पडदा लावू म्हणाला. पण खाली नाव नको, लोक चौकशी करतील, मग मंडपात तमाशा. सुलूने ब्रश खाली ठेवला. नाव नसेल तर पडदाही नाही, म्हणाली. एवढी मेहनत, आणि सणाला पडदा घरात गुंडाळून ठेवायचा? कमिटीला विचारतो म्हणून दोघं उठले.

ते जिना उतरताहेत तोवर हिने कोपऱ्यात नाव घातलंसुद्धा. मी म्हटलं बारीक लिही गं, तर वीतभर केलं! मला हसू आवरेना, आणि मंडळ काय म्हणेल ही धास्तीही. आता खोडायचं म्हटलं तरी निघणार नाही, ऑइलपेंट आहे.

आठवण ठेव, माया पातळ करू नकोस.

तुझी आक्का

ता. क. कमिटीचा निरोप घेऊन दोघं मंगळवारी संध्याकाळी येतो म्हणालेत.