आईचा आवाज, माझे ओठ

४ जानेवारी

ति. मावशीस,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलले तर आईला भिंतीपलीकडून सगळं ऐकू जातं, म्हणून पत्र. मावशी, माझ्या हातून फार वाईट झालंय. दहावीच्या वर्गात आम्हा चौघींना प्रकल्प मिळालाय: गाणं लावायचं, त्यावर नुसते ओठ हलवायचे आणि व्हिडिओ करायचा. बाकीच्या तीच ती घासून गुळगुळीत झालेली गाणी सुचवत होत्या. मी तोऱ्यात म्हटलं, माझ्याकडे कुणीच न ऐकलेलं गाणं आहे. सुट्टीत तुझ्या कपाटातल्या कॅसेटवरून मोबाइलमध्ये घेतलं होतं ना, ते. आईचं.

काल आई तपासणीला गेल्यावर मैत्रिणींना घरी बोलावलं. मी ओठ हलवतेय आणि दारात आई! डॉक्टर रजेवर, म्हणून अर्ध्या वाटेतून परतलेली. घशाचं ऑपरेशन होऊन सात महिने झाले, तेव्हापासून तिचा आवाज घरात पहिल्यांदाच, आणि तोही माझ्या तोंडून. तिने मोबाइल हिसकावून फेकला, मैत्रिणींना दंडाला धरून बाहेर काढलं. तेव्हापासून खोलीला आतून कडी. एरवी पाटीवर लिहून तरी बोलते, आता तेही नाही. दाराशी ठेवलेलं ताट तसंच. बाबांनीही हात टेकले. मैत्रिणी म्हणतात, तू आमच्या गटात नकोस. सोळा तारखेला व्हिडिओ दाखवायचाय. तो गेला खड्ड्यात, आईचं काय करू? लगेच लिही.

तुझी माया आटू देऊ नकोस.
भिंगरी

७ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

आधी दोन घास खा. या प्रकरणात अर्धी गुन्हेगार तू, उरलेली मी. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ताईने सगळ्या कॅसेट माझ्या हाती दिल्या आणि जाळून टाक म्हणाली. मी मान डोलावली, कपाटात लपवल्या आणि जाळल्या म्हणून सांगितलं. तुला हे सांगायला हवं होतं. ताईलाही वेगळं पत्र धाडतेय. मला शिव्या घालायला तरी ती पेन उचलेल. तू दाराआडून माफी मागू नकोस. समोर जा, तिच्यादेखत ते गाणं पुसायची तयारी ठेव. कारखान्यात बाटल्यांची तपासणी माझ्याच गळ्यात पडलीय, नाहीतर आजच गाडीत बसले असते.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
मावशी

११ जानेवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद द्यावासा वाटत नाही, तरी देते.

खोटारडे, जाळल्या म्हणालीस! तुझं पत्र फाडलं, मग तुकडे जुळवून पुन्हा वाचलं. आठवडाभर रात्री सगळे झोपल्यावरच काय ती बाहेर येत होते, काल दिवसा कडी काढली तर पोरगी समोरच उभी. मोबाइल पुढे करून म्हणाली, पुसून टाक, पण आधी एकदा करून दाखवू दे. रडत रडत ओठ हलवत होती. आणि मला सुचावं काय? दुसऱ्या ओळीनंतर ही श्वासच घेत नव्हती! मी टेबलावर थाप मारली. पाटीवर लिहिलं, इथे श्वास घे, नाहीतर बाई गाता गाता मेली असं वाटेल. मग दुपारभर तेच. तिच्या मैत्रिणींना मीच चिठ्ठी धाडून बोलावलं.

शिकवताना माझेही ओठ हलले आणि एकीने ते मोबाइलवर टिपलं. पोरगी विचारतेय, व्हिडिओत ठेवू का? अगं, गळ्याचं ते भोक मी आरशातसुद्धा बघत नाही. जगाला कसं दाखवू? पाटी पुसून ठेवली. गाणं मात्र पुसलं नाही.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई

१७ जानेवारी

ति. मावशीस,
सा. न. वि. वि.

आई हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. परवा सकाळी पाटीवर एवढंच होतं: किती वाजता दाखवणार? तोच मी होकार समजले.

काल गळ्याला रुमाल बांधून ती आमच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसली, बाबांचा हात घट्ट धरून. व्हिडिओत शेवटच्या कडव्याला माझ्या जागी ती येते, रुमालाशिवाय. मधेच कुणीतरी फिसकन हसलं. वाटलं, आता ही उठून जाणार, पुन्हा कडी लावणार. बाईंनी बाहेरची व्यक्ती घेतली म्हणून पाच गुण कापले. मग चष्मा काढून विचारलं, हा आवाज कुणाचा?

मी उठायच्या आत मागे बाक करकरला. आई उभी होती, हात वर करून.

असाच जीव लावत राहा.
तुझी,
भिंगरी