धर्मराजाचा पुण्याचा खर्च

ज्येष्ठ शुद्ध ३, शके १८४७

नातू धर्मराज पुण्याच्या कॉलेजात जाणार, हे आज ठरले. औरंगाबादेस मॅट्रिक होईपर्यंत तो आत्याच्या घरी राहिला. भाकरीस दाम पडतो, हे त्यास ठाऊक नाही. जाण्यास तीन आठवडे आहेत. तेवढ्यात त्यास पैसा वापरावयास शिकविणे माझे कर्तव्य आहे. माझे शिक्षण इयत्ता चौथीपर्यंतच झाले. परंतु उमापुरातील हे घर आणि जमीन चाळीस वर्षे चालविली — कोणापुढे हात न पसरता!

ज्येष्ठ शुद्ध ६

सायंकाळी ओसरीवर पहिला पाठ. विषय : गरज आणि हौस यांतील भेद. शंका विचारण्यास सांगितले. म्हणतो, "आबा, तपकीर गरज हाय का हौस?" सत्य सांगणे प्राप्त होते. म्हणालो, हौस. लगेच आतून आमच्या कुटुंबाचा — भिवराबाईचा — आवाज आला, "मंग उद्यापासून डबी माझ्याकडं द्या!"

पाठ तेथेच आटोपला.

ज्येष्ठ शुद्ध ११

आठवडी बाजार धर्मराजाच्या हाती दिला. दोन रुपयांत घरचे सामान आणावयाचे. चिरंजीवांनी पहिल्याच दुकानी सुवासिक तेल आणि आरसा घेतला! आधी सारा बाजार फिरून भाव काढावा, मग कमरेची पिशवी सोडावी — ही रीत येथील शेंबड्या पोरासही ठाऊक आहे.

"आबा, मिठाला पैसे उरले न्हाईत."

शेजारून मीठ आणण्यास मी मनाई केली. भिवराबाई म्हणाली, "पोराला कावून छळता? त्याच्यासंगं समद्या घराला शिक्षा!" आता आठवडाभर सर्वांस अळणी. मीही तेच जेवलो. शिकविणाऱ्यास सूट नसते.

ज्येष्ठ शुद्ध १४

अजून अळणी. मुलगा हसत जेवतो. त्याचा बाप असाच हसे. साथीच्या तापात तो गेला, त्यास सात वर्षे झाली.

ज्येष्ठ वद्य ४

वर्षाच्या खर्चाचा अंदाज मी स्वतः तयार केला — फी, खानावळ, खोली, पुस्तके. मोठ्याने वाचून दाखविला. धर्मराज खाली मान घालून म्हणाला, "आबा, हे समदे हाली रुपये धरले तुमी. पुण्यात कलदार लागतेत."

खरे होते. आपल्या संस्थानी सरकारचा हाली रुपया इंग्रजी मुलखात चालत नाही; तेथे इंग्रजांचा कलदार. शंभर कलदारास एकशे सोळा हाली मोजावे लागतात. हे मी जाणत नाही असे नव्हे! हयातभर हालीच मोजले, हात त्याच वळणाने गेला. भिवराबाई पदर तोंडाशी धरून हसली. तोही हसला. मी उठून आत गेलो.

ज्येष्ठ वद्य ६

पाठ नाही. तो दोनदा ओसरीवर येऊन बसला. मी गेलो नाही.

ज्येष्ठ वद्य ९

गेला.

गाडीपाशी मी गेलो नाही. पाया पडावयास तो मागील पडवीत आला. "आबा, रागावलात व्हय?" मी म्हणालो, "जपून राहा." याहून अधिक सांगावयाचे होते — दिवाळीस ये, एवढेच! परंतु वडीलधाऱ्याने आर्जव करावे, हे मनास पटेना. बैलांच्या घुंगरांचा आवाज वेशीपर्यंत ऐकू आला.

श्रावण शुद्ध ५

सायंकाळी ओसरीवर घोंगडी अंथरली. नंतर ध्यानात आले, बसणारा कोणी नाही. तरी थोडा वेळ बसलो.

भाद्रपद शुद्ध १०

पत्र आले. दोन ओळी क्षेमकुशल. बाकी सारा जमाखर्च. दोनदा तपासला. पैचीही चूक नाही. एखादी सापडती, तर उत्तर लांब लिहावयास निमित्त झाले असते!

आश्विन शुद्ध १२

भिवराबाईने करंज्यांसाठी खोबरे आणविले. "लेकरू येईल का हो?" मी म्हणालो, येणारच, सुट्टी असते. रोज टपालवाल्याची वाट पाहतो. त्यास तसे भासू देत नाही.

आश्विन वद्य ५

"ती. आबांस सा. न. दिवाळीस येत नाही. येण्याजाण्यास आठ कलदार लागतात. तेवढ्यात पंधरवड्याची खानावळ होते. गरज आणि हौस आपणच समजावून दिली. आपणांस संतोष होईल."

भिवराबाईस वाचून दाखविले. तिने खोबऱ्याची किसणी बाजूस सारली. मग म्हणाली, "लई चांगलं शिकवलं तुमी."

मुलाचा हिशेब बरोबर आहे. त्यास रागावण्यास मजजवळ काहीही नाही.

आश्विन वद्य ११, नगर स्टेशन

पुण्याची दोन तिकिटे काढली. इथवर आणणाऱ्या बंकट गाडीवानास भाडे किती, हे विचारावयाचे राहिले, मूठभर दिले. भिवराबाई करंज्यांचा डबा मांडीवर घेऊन डब्यात बसली आहे. गाडी सुटण्यास विलंब आहे म्हणतात — हा विलंब मजला सोसवत नाही!