आमच्या घरच्या खुणा

ता. १२ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आम्ही सगळे मजेत. तुझी कंबर कशी आहे? शिवणाची कामं जरा कमी घे म्हटलं तर माझ्यावरच खेकसशील, म्हणून म्हणत नाही.

पत्राचं कारण वेगळंच आहे. सरकारने नवा नियम काढलाय. ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी सरकारी तंत्रशाळेत जागा ठेवणार आहेत. दहावीची अट त्यांना नाही. चित्राची परीक्षा आणि तोंडी परीक्षा, आणि तोंडी खुणांनी दिली तरी चालेल, दुभाषा सरकारचा! आमच्या वर्कशॉपच्या फळ्यावर कागद लागलाय. ताई, घरांचे नकाशे काढायचा कोर्स आहे त्यात. चिमीला ऐकू येत नाही म्हणून शाळेने तिला चौथीनंतर गोड बोलून घरी बसवलं, तेव्हापासून पोरगी तुझ्या मशीनशेजारी बसून घरंच काढतेय ना? आता कुणीतरी दार उघडलंय. दाजींशी बोल आणि लगेच कळव. नाही म्हणालीस तर मी स्वतः येऊन तिला उचलून आणीन.

तुझा लोभ आहे म्हणूनच एवढं दटावून लिहिलं.
तुझा धाकटा

ता. २० मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी मशीन थांबवलं. एरवी ते वीज गेल्यावरच थांबतं.

आधी नकोच वाटलं रे. परक्या गावात पोरीला समजून कोण घेणार? इथे आख्ख्या गल्लीला तिची खुणांची बोली येते. समोरचा न्हावी तर गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेस लावता लावता तिच्याशी गप्पा मारतो. पोस्टमन तुझं पत्र घेऊन आला की लांबूनच स्वतःचा कान पिळून दाखवतो. तुझी खूण तीच आहे, लहानपणी तुझे कान मी किती पिळले हे तिला तूच सांगितलंस, भोग आता.

पण चिमीला सांगितलं तर तिचा चेहरा बघायला हवा होतास. पहिला प्रश्न काय, तर तिथे माझ्यासारखे आणखी असतील का? मी म्हटलं असतील. मग दिवसभर मला काही सुचू दिलं नाही.

तयारी जोरात आहे. परीक्षेच्या पुस्तकातल्या ज्या शब्दाला आमच्याकडे खूण नव्हती, त्याला आम्ही दोघींनी बसून पाडली. माप म्हणजे गळ्यात टेप टाकायची. निम्मं म्हणजे कापड दुमडायचं. छेद म्हणजे कात्री. हे म्हणतात, तुम्ही मायलेकींनी नवं पुस्तकच लिहिलं. तुझ्या सरकारी दुभाष्याला घाम फोडते की नाही बघ.

जीव लावतोस, असाच लावत राहा.
तुझी ताई

ता. ३ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चिमी तोंडीत नापास म्हटल्यावर तू न जेवता, कुणाशी न बोलता सकाळच्या गाडीने पोरीला घेऊन निघून गेलीस. तू गेल्यावर मी पुन्हा तंत्रशाळेत गेलो होतो, ते कळवायला हे लिहितोय.

तू दाराबाहेर बाकावर होतीस, म्हणून आत काय झालं ते तुला नीट कळलं नाही. चित्रात चिमी सगळ्यांत वर आहे. तिथल्या साहेबांनी तिचा कागद मला दाखवला, म्हणाले असा हात वर्षानुवर्षं पाहिला नाही. तोंडीला मात्र दुभाष्याने अशा मुलांच्या शाळांत शिकवतात त्या खुणांत विचारलं, आणि त्या तिला कुणी शिकवल्याच नाहीत. तिने तुमच्या खुणांत उत्तरं दिली, टेप टाकली, कापड दुमडलं, कात्री चालवली. त्याला वाटलं पोरगी उगाच हात हलवतेय. त्याने सांगितलं, हिला काही कळत नाही. नातेवाइकाला आत घ्यायचं नाही हा नियमच आहे, म्हणून तुला हाक मारली नाही. ताई, त्याचीही चूक नाही गं. त्याला गल्लीची बोली कुठून येणार?

नव्या नियमात अशा मुलांची सोयही आहे. वर्षभर वसतिगृहात राहून ती भाषा शिकायची, मग तोंडी पुन्हा. खर्च सरकारचा. मी दर रविवारी जाऊन येईन. पाया पडतो, रागात नाही म्हणू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा धाकटा

ता. ९ जुलै

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

हिला काही कळत नाही! धाकट्या, ते वाक्य मला लिहून कशाला पाठवलंस? माझ्या कपाळाला इस्त्री टेकवल्यासारखं झालं. त्या खुणा मी शिकवल्या रे. पोरीला तोंडघशी पाडायला मीच शिकवल्या.

मी नाहीच म्हणणार होते. पण तुझ्या पत्रातली वसतिगृहाची गोष्ट कळताच तिने ट्रंक खाली काढली, आणि माझ्याकडे अशी बघत उभी राहिली की मला नाही म्हणवेना. सोमवारी हे तिला घेऊन येतात. तिला फार तिखट चालत नाही, वसतिगृहात सांग.

तिच्यावर लक्ष ठेव, आता तुलाच ठेवायचंय.
तुझी ताई

ता. २५ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पेढे नकोत, पण शाबासकी तरी दे. चिमीची तोंडी वर्ष पुरं व्हायच्या आधीच घेतली आणि ती पास झाली! जागा पक्की.

तू ओळखणार नाहीस तिला. जेवताना, जिन्यात, अंगणात मैत्रिणींशी सारखी बडबड चाललेली असते. तिच्या हातांचा वेग बघून मला गरगरतं. मी नुसती मान हलवतो, मग वसतिगृहाच्या बाई मला समजावून सांगतात आणि चिमी हसून हसून लोळते. पुढच्या महिन्यात सुट्टीला येतेय.

तू खूश आहेस एवढंच वाचायचंय.
तुझा धाकटा

ता. २८ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

चिमी काल परत गेली. तिची जागा पक्की झाली म्हणून मी गल्लीभर साखर वाटली. नियम चांगला आहे, कुणी नावं ठेवली तर त्याचं तोंड शिवीन. हे आधीच लिहिते, नाहीतर पुढचं वाचून तुला भलतंच वाटेल.

आली त्या दिवशी सगळे जमले. न्हाव्याने काहीतरी विचारलं, तिने उत्तर दिलं, आणि त्याला कळेचना. तो हसला, तीही हसली. मग ती आमच्याशी थांबून थांबून बोलायला लागली, पाहुण्यांशी बोलतात तशी. आमच्या खुणा तिला आठवाव्या लागत होत्या. मी म्हटलं, मला नवी शिकव. शिकवली बिचारीने, चिडली नाही. माझी बोटं वळतात रे, पण डोक्यात राहत नाही.

परवा दुपारी मी काजं करत होते, ती शेजारी बसली होती. एकदम रडायला लागली. साधं रडणं नव्हतं, पोटातून होतं. मी काम टाकून विचारलं, काय झालं. तिने सांगितलं. सगळं सांगितलं, दोन्ही हातांनी, भरभर, डोळे पुसायलाही न थांबता. मला एक अक्षर कळलं नाही. मी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा सांगितलं, हळू. लिही म्हटलं तर नको म्हणून मान हलवली. मग माझा चेहरा बघून तीच थांबली. माझ्या गालावरून हात फिरवला आणि आपल्या घरच्या खुणेने म्हणाली, काही नाही, डोकं दुखतंय. मला कळेल तेवढंच म्हणाली रे ती. मी तेल आणून तिचं डोकं चेपत बसले. दोघींनाही ठाऊक होतं की डोकं दुखत नव्हतं.

यांना मी बोलले नाही. तुझ्याकडे एक काम आहे. रविवारी जाशील तेव्हा त्या बाईंना बाजूला घे आणि विचार, माझी लेक कशासाठी रडली. त्या सांगतील ते मला लिहून कळव.

उत्तराची वाट बघते.
तुझी ताई