‘सरकारजमा’ पडणार, हे मला आधीच माहीत होतं

१ फेब्रुवारी, रविवार. सकाळी.

आजपासून मत्सर बंद. मुळात नव्हताच. पण असलाच तर बंद.

चिमीचा सिनेमा शुक्रवारी लागतोय. चिमी, माझी मावसबहीण, माझ्याहून सहा वर्षांनी लहान, जिला बुटाची नाडी मी बांधायला शिकवली. तिच्या टीनएजर मुलांसाठीच्या कादंबरीवर कोणीतरी खरंच पैसे घालून सिनेमा काढलाय. नाव ‘सरकारजमा’. भविष्यातलं भयाण शहर. कायदा असा, की सोळा वर्षं पूर्ण झाली की घरातला एक नातेवाईक सरकारजमा करायचा. कुठला, ते आपण ठरवायचं. झालं, एवढीच गोष्ट. पुस्तक आल्यापासून सगळे काका-मामा चिमीशी जपून बोलतात.

भयाण भविष्य हा खरं तर माझा प्रांत. माझी ‘निर्वात’ सहाशे पानांची आहे, तिच्यात एकही पूर्णविराम नाही आणि नायक पहिली दोनशे पानं खुर्चीतून उठत नाही. तिच्यापुढे हे नातेवाईक जमा करणं म्हणजे पोरखेळ. ‘निर्वात’ सध्या प्रकाशकांकडे आहे. त्यांनी स्वतःहून मागवून घेतली, यातच काय ते आलं. काल फोन केला तर म्हणाले, तुमच्या बहिणीचा सिनेमा कसा चालतो ते बघू आणि मग तुमचं ठरवू.

अर्थ स्पष्ट आहे. हा हलका माल एकदा आपटला की लोक अस्सलकडे वळतील, त्याची ते वाट बघतायत. म्हणजे ‘सरकारजमा’ पडणं ही आता साहित्याची गरज आहे. पर्सनल काही नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार.

थिएटरमधली ही असिस्टंट मॅनेजरची नोकरी तात्पुरती आहे. गेली पाच वर्षं तात्पुरतीच आहे. फायदा एकच. दर बुधवारी पुढच्या आठवड्याचे शो मी लावतो, आणि मॅनेजर न वाचता सही करतात.

‘सरकारजमा’ला छोटा हॉल दिला. सकाळी नऊचा एकच शो. छोट्या हॉलचा एसी गार करत नाही, नुसता घोरतो. मोठा हॉल, चारही शो, भुताच्या सिनेमाला. निर्णय शंभर टक्के प्रोफेशनल. सोळा वर्षांचं कुठलंही पोर सकाळी नऊला अंथरुणातून उठत नाही, हे मला नंतर सुचलं. सही झाल्यावर. जवळजवळ.

तिकीट खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, अहो, सख्ख्या मावशीची मुलगी आणि तिला ही वेळ? दूधवाल्यांसाठी काढलाय का सिनेमा? मी म्हटलं, घरच्यांना झुकतं माप देणं माझ्या तत्त्वात बसत नाही. असं होय, म्हणाल्या, आणि चष्म्यावरून नको तितका वेळ बघत राहिल्या.

६ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ८.२०.

पार्किंग रिकामं. मन प्रसन्न. चहा दोनदा घेतला. ‘निर्वात’ची अर्पणपत्रिका सुचली: ‘ज्यांनी विश्वास ठेवला नाही, त्यांना.’ यादी मोठी होईल.

तोच दिवस. ११ वाजता.

मावशीने घोळ घातला.

योगाच्या क्लासमधल्या सगळ्या बायका घेऊन आली. त्यांच्या मुली. मुलींच्या मैत्रिणी. क्लासच्या टीचर, टीचरचा नवरा. या बायका पहाटे पाचला उठतात, त्यांना नऊ म्हणजे भरदुपार. आणि छोटा हॉल तो केवढासा! फुल्ल. बाहेर तीस-चाळीस लोक उरले.

हाऊसफुलचा बोर्ड अडगळीच्या खोलीत होता. त्याच्यावर कोळ्यांनी संसार थाटला होता. तो पुसून वर टांगायचा तर स्टाफमध्ये उंच मी एकटा. स्वतःच्या हाताने टांगला. खालून मावशीने फोटो काढला. म्हणाली, हस की रे, कोणी गेल्यासारखा काय उभा आहेस.

चिमीने तो फोटो टाकलाय. ‘माझ्या दादाच्या थिएटरमध्ये हाऊसफुल!’ आत्तापर्यंत चार हजार लाइक. माझ्या शेवटच्या कवितेला नऊ आले होते. त्यातले दोन आईचे, चुकून दोन अकाउंटवरून.

७ फेब्रुवारी, शनिवार.

तिकीट न मिळालेली माणसं जगातली सर्वात चिवट जात. काल परत गेलेले आज मित्रांना घेऊन आले. जे मिळत नाही ते चांगलंच असणार, असं त्यांना वाटतं. (मग ‘निर्वात’ कुठेच मिळत नाही, त्याचं काय?)

मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, आता वेळेवरून झापणार. मनात राजीनाम्याचं पहिलं वाक्य तयार ठेवलं. तर ते उठून हात मिळवतात! म्हणाले, छोटा हॉल देऊन मुद्दाम टंचाई केलीत ना, डोकं आहे हो तुम्हाला. डिस्ट्रिब्युटरचा फोन होता म्हणे, ही आयडिया कोणाची? आणखी तीन थिएटरांनी उचललीये. आज संध्याकाळपासून ‘सरकारजमा’ मोठ्या हॉलमध्ये.

ॲसिडिटीची गोळी घेतली. मग दुसरी.

८ फेब्रुवारी, रविवार. दुपारी.

शस्त्र म्हणून लेखणी उचलली. पिक्चर पाहिलेला नाही, पाहणारही नाही, पण पुस्तक पाच वेळा वाचलंय (संशोधन म्हणून). ‘एक जागरूक रसिक’ या नावाने वेबसाइटवर रिव्ह्यू टाकला. लांबलचक. दीड स्टार. अर्धा स्टार नात्यापोटी. नायिका सरकारी खिडकीसमोर उभी राहून ठरवत बसते की कोणाला जमा करायचं, त्या प्रकरणाची चिरफाड केली. तिथे भाषा कशी ढिली पडते, कुठे घट्ट हवी होती, कुठलं वाक्य कापायला हवं होतं. सिनेमात ते वाक्य असणारच. कापायची अक्कल कोणाला!

तासाभरात चिमीचा फोन. आवाज एकदम फुललेला. दादा, तू हा वाचलास का, म्हणे. बाकीचे सगळे नुसते हार्ट टाकतात रे, या एकानेच माझं लिहिणं नीट वाचलंय. ते वाक्य कापायला हवं होतं हे मलाही तेव्हाच वाटलं होतं. कोण असेल हा? कोणीतरी म्हातारे प्रोफेसर वाटतात.

म्हातारे!

मी म्हटलं, असेल कोणी विद्वान.

९ फेब्रुवारी, सोमवार. रात्री ९.

पडला!!!

देशभर पडला. बॉक्स ऑफिसच्या सगळ्या साइट वाचून काढल्या, काही दोनदा. शुक्रवार ते रविवार कसाबसा तग धरला होता, तोही म्हणे थोड्याच थिएटरांच्या जिवावर. आज साफ झोपला. आमच्या मोठ्या हॉलमध्ये सकाळी तीन जोडपी होती. त्यांनी एकदाही पडद्याकडे बघितलं नाही, असं ऑपरेटर म्हणाला.

कारणमीमांसा करणारे लेख आलेत. पोरांना असल्या भयाण भविष्याचा कंटाळा आलाय, ही लाट ओसरली, वगैरे. मुद्दे बरोबर, शैली सामान्य.

स्टाफसाठी केक आणला. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, कशाबद्दल? मी म्हटलं, सहज. म्हणाल्या, पाच वर्षांत सहज कधी साधं बिस्किटही पुढे केलं नाहीत. पण दोन तुकडे घेतले. माणसाचा स्वभाव!

१० फेब्रुवारी, मंगळवार.

मावशीचा फोन. रडत होती. चिमी जेवत नाही, खोलीचं दार लावून बसलीये, तू बोल रे तिच्याशी, तुझं ऐकते ती. मी मोठ्या मनाने फोन लावला. म्हटलं, हे बघ, मनाला लावून घेऊ नकोस, प्रत्येकाची एक कुवत असते, तुझी एवढी होती. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, दादा, तू तुझ्या थिएटरमध्ये आम्हाला हाऊसफुल केलंस, ते मी कधी विसरणार नाही.

फोन ठेवल्यावर जरा कसंतरी झालं. बहुतेक केकमुळे.

प्रकाशकांना मेसेज: ‘रस्ता मोकळा झालेला आहे.’ वाचला त्यांनी. उत्तर नाही. कव्हरच्या गडबडीत असतील.

११ फेब्रुवारी, बुधवार.

शुक्रवारपासूनचे शो लावले. ‘सरकारजमा’ काढला. उद्याचा गुरुवार शेवटचा, दुपारी तीनचा एक शो, परत छोट्या हॉलमध्ये. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं. एकदा पेन पडलं तेवढंच. मॅनेजरने न वाचता सही केली.

पुरस्कार मिळाल्यावर बोलायचं भाषण आरशासमोर म्हटलं. आई दारातून म्हणाली, फोनवर कोणाला ओरडतोयस रे एवढा?

१२ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी १०.४०.

प्रकाशकांचा फोन आला.

सविस्तर लिहीत नाही. थोडक्यात: ‘निर्वात’ परत पाठवतायत. म्हणाले, सिनेमा चालला असता तर भयाण भविष्यवाली सगळी पुस्तकं हातोहात गेली असती हो, तुमचंसुद्धा आम्ही याच महिन्यात काढणार होतो. आता दुकानदार या विषयाला हात लावणार नाहीत. बॉक्स ऑफिस बघितलंत ना तुम्ही?

मी म्हटलं, ओझरतं.

मग म्हणाले, खरं सांगायचं तर आम्हाला तुमच्या पुस्तकातलं काही कळलं नव्हतं. तुमच्या बहिणीने आग्रह धरला. चार वेळा ऑफिसात येऊन बसली. ‘माझा सिनेमा चालला तर दादाचं छापा,’ एवढंच तिचं म्हणणं. त्या बोलीवर आम्ही वाचायला मागवून घेतलं होतं.

यांना दृष्टीच नाही. असल्या माणसांकडे ‘निर्वात’ गेली नाही तेच उत्तम.

तोच दिवस. दुपारी १२.

थंड डोक्याने विचार केला. अजून काही बिघडलेलं नाही. सिनेमे दुसऱ्या आठवड्यात उठतात, अशी उदाहरणं आहेत. एखादं आत्ता आठवत नाही.

मॅनेजरकडे गेलो. म्हटलं, ‘सरकारजमा’ अजून आठवडाभर ठेवू या, मोठ्या हॉलमध्ये, चारही शो. ते म्हणाले, बरं वाटत नाहीये का तुम्हाला? काल तुम्हीच तर काढलात. मी म्हटलं, तुम्ही वाचून सही करायला हवी होती. हे बोलायला नको होतं.

‘जागरूक रसिक’चे दीड स्टार साडेचार करायला गेलो. वेबसाइट म्हणते, रिव्ह्यू बदलण्याची मुदत संपली.

योगाच्या टीचरना फोन केला. म्हणाल्या, आम्ही पाहिला की, छान आहे, पण तिथे फार उकडतं.

तोच दिवस. संध्याकाळी ७.

शेवटच्या शोला चिमी आणि मावशी आल्या. चिमीला तिचा सिनेमा शेवटचा दादाच्याच थिएटरमध्ये बघायचा होता. डोळे सुजलेले, पण ड्रेस नवा. तिकिटं स्वतः काढली, मला पास देऊ दिला नाही.

आमच्याकडे पाच तिकिटं खपली नाहीत तर शो कॅन्सल होतो. तीनला पाच मिनिटं असताना खिडकीवरच्या बाईंनी मला हाक मारली. म्हणाल्या, दोनच गेलीत, ऑपरेटर बॅग भरून तयार बसलाय, काय करू? मी म्हटलं, तीन द्या. बाईंनी चष्म्यावरून बघितलंही नाही. हे त्यांच्या स्वभावात नाही. तिकिटं फाडून माझ्या हातात दिली आणि सुट्टे मोजायला खाली मान घातली.

तर, ‘सरकारजमा’ पाहिला. (न पाहण्याचा निश्चय पाहायच्या आधीचा होता.)

त्यात एक मावसभाऊ आहे. सगळ्यांना सल्ले देत फिरतो, त्याचं कोणी ऐकत नाही. पुस्तकात तो कसा काय नजरेतून सुटला कळत नाही. पाच वेळा वाचूनही मला वाटलं होतं, हा चिमीच्या शेजारच्यांच्या मुलावरून घेतलाय. नायिका खिडकीसमोर उभी असते, घरचे सगळे मागून कुजबुजतायत, याला दे, याला दे, हा काही कामाचा नाही. आणि ती त्याला देत नाही. कारणही सांगत नाही. त्याचा हात धरून रांगेतून निघून जाते. मावशीने तिथे नाक ओढलं. एसी घोरत होता.

मी चिमीला अंधारात म्हटलं, ॲक्टर जरा उंच हवा होता. ती म्हणाली, हो ना, मीही तेच म्हणत होते त्यांना.

मग हळूच म्हणाली, दादा, मी दुसऱ्या एका प्रकाशकांना विचारते तुझ्यासाठी. माझं नाव आता चालणार नाही कुठे, पण विचारून बघते. मी म्हटलं, नको, ‘निर्वात’ तिच्या गुणांवर उभी राहील. ती बरं म्हणाली.

मध्यंतरात दिवे लागले. तेवढ्या हॉलमध्ये आम्ही तिघं. माझ्या पलीकडच्या दोन रिकाम्या सीटकडे बघून मावशी म्हणाली, खिडकीवरच्या बाई म्हणत होत्या पाच तिकिटं गेलीत, मग हे दोघं कुठे राहिले?

मी म्हटलं, माझे वाचक आहेत, ट्रॅफिकमध्ये अडकलेत, येतील.

मावशीने एका सीटवर पर्स ठेवली आणि दुसऱ्या सीटवर पाण्याची बाटली. सिनेमा संपेपर्यंत दोन्ही जागा धरून ठेवल्या.