शेवटच्या बाकापर्यंत

वॉल, साउथ डकोटा
९ जून १९९८

प्रिय मार्लिसला धाकट्या बहिणीचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

चाकांवरच्या कपाटात म्हातारा-म्हातारी कशी राहणार, असं तू निघताना म्हणाली होतीस. या फिरत्या घरात मजेत राहतोय! ओटा एवढासा आहे की बटाटे चिरायचे तर साखरेचा डबा बाथरूममध्ये नेऊन ठेवावा लागतो. तू शिवलेली गोधडी मागच्या पलंगावर अंथरली आहे. जेवण झालं की मी तिच्यात शिरते आणि नवरोबा ड्वेन गाडी हाकतो.

चौतीस वर्षं शाळेची बस चालवली, ती काही त्याच्या अंगातून जात नाही. फेरी संपली की एखादं पोर झोपून राहिलं नाही ना, हे बघायला शेवटच्या बाकापर्यंत चालत जायचा, आठवतं? इथेही तेच. गाडी सुरू करण्याआधी उठतो, पाच पावलं चालून पलंगापर्यंत जातो आणि परत येतो. मी शेजारच्या सीटवर बसलेली असले तरी!

एक मात्र मला कळत नाही. जन्मभर आपल्या तळ्यांवर समाधान मानणाऱ्या या माणसाला समुद्राची एवढी घाई का झाली? ह्याच उन्हाळ्यात बघायचा, पुढच्या नाही, असा हट्ट. शिवाय हल्ली माझ्याकडे कोंबडीसारखी मान तिरकी करून बघतो. विचारलं तर म्हणतो, तिरकं बघितलं की तू जास्त बरी दिसतेस. म्हातारचळ, दुसरं काय.

माझी परसातली आंबट रुबार्ब खुडून घे, नाहीतर फुलोऱ्यावर जाईल. उत्तर बफेलो, वायोमिंगच्या पोस्टात आमच्या नावावर पाठव.

लोभ आहेच, वाटेत सांडू देऊ नकोस.
तुझी
लव्हॉन


बेन्सन, मिनेसोटा
१४ जून १९९८

प्रिय लव्हॉनला अनेक आशीर्वाद, आणि तुझ्या सारथ्याला नमस्कार.

रुबार्ब खुडली, मुरंबा केला, त्यातल्या दोन बरण्या मी ठेवून घेतल्या. मजुरी समज. रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीला सगळ्या तुमचीच चौकशी करत होत्या. एकीने तर पैज लावली आहे की तुम्ही माँटानाच्या आधीच भांडून परत याल.

ड्वेनच्या घाईला हसू नकोस. माझा हेरल्ड नॉर्वेला जायचं पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी म्हणत राहिला आणि गेला तो दुसरीकडेच. त्याची सुटकेस अजून माळ्यावर आहे. पण घाई कशाची आहे हे मात्र ड्वेनला विचार. आपल्या पुरुषांचं तुला ठाऊक आहे. पाय मोडला तरी म्हणतील, काही वाईट नाही. लग्नाच्या दिवशीही ड्वेन तुला बघून एवढंच म्हणाला होता. तेव्हा त्याच्या शब्दांवर जाऊ नकोस, नीट बघ.

लोभ करायला इथे दुसरं कोणी उरलं नाही, म्हणून सगळा तुलाच.
तुझी
मार्लिस


बफेलो, वायोमिंग
२१ जून १९९८

प्रिय मार्लिस, नमस्कार. विशेष असं आहे की तुझ्या मेव्हण्याने मला पेट्रोल पंपावर टाकून दिलं.

हसू नकोस. काल सकाळी आमचं वाजलं होतं. एका वळणाची पाटी चुकली आणि मला नकाशा नीट वाचता येत नाही म्हणून तो माझ्यावर डाफरला. मी जेवून मागे जाऊन पडले. जिलेट गावाबाहेर पंपावर गाडी थांबली. मी गोधडी तशीच टाकून मागच्या मागे उतरले, बाथरूमला गेले. बाहेर येते तो गाडी नाही! काउंटरवरच्या बाईने मला कॉफी दिली, ॲपल पायचा तुकडा दिला, आणि या उन्हाळ्यात अशी तिसरी बायको बघतेय असंही सांगितलं. तब्बल दीड तासाने स्वारी परत आली. तोंड पांढरं फटक.

मार्लिस, टाकून गेला याचा राग नाही. पण तो म्हणतो की निघण्यापूर्वी तो मागे येऊन बघून गेला होता. बघितलं असतं तर मी नाही हे दिसलं नसतं? चौतीस वर्षांत एक पोर विसरला नाही आणि मला विसरला. वर खोटं बोलतो. मला खोटं सहन होत नाही, आणि खोटं नसेल तर त्याचं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही. कोणतं बरं, हे मला ठरवता येत नाही.

आता म्हणे इंजिनाचा कसला पंप आवाज करतोय, भाग मागवला आहे, तोवर इथेच मुक्काम. मला तर काही ऐकू येत नाही. भाग आला की सरळ घरी परतायचं असं माझ्या मनात आहे.

लोभ असू दे. आज मला त्याची फार गरज आहे.
लव्हॉन


बफेलो
२२ जून

प्रिय मार्लिस,
स. न. वि. वि.

मी पत्र लिहीत नाही, हे तुला माहीत आहे. ओळी वरखाली गेल्या असतील. खाली पट्टी धरून लिहितो आहे.

मी मागे गेलो होतो. गोधडी उंच दिसली. ती आहे असं वाटलं. मी जिथे नेमकं बघतो तेवढीच जागा पुसली जाते, बाजूचं दिसतं. एप्रिलमध्ये डॉक्टरांनी सांगितलं की वर्षा-दोन वर्षांत मधलं सगळं जाईल, वाचणं, चेहरे. रस्त्यावरच्या रेषा वाकड्या दिसू लागल्या की गाडी सोडायची, असंही बजावलं होतं. परवा त्या वाकड्या झाल्या. पाटी मला दिसली नव्हती आणि बोलणी तिला खावी लागली.

आता खरं सांगतो. जिलेटपासून चाळीस मैल मी तिच्याशी बोलत होतो. वाटलं, रागावून पडली आहे. समोर नजर ठेवून बोलणं सोपं गेलं. सगळं सांगितलं. डोळ्यांचं. समुद्र बघायची घाई का, ते. तिचा चेहरा शेवटपर्यंत दिसावा म्हणून मान तिरकी करतो, तेही. आयुष्यात इतकं सलग बोललो नसेन. उत्तर आलं नाही. रडत असेल असं वाटून गाडी बाजूला घेतली, मागे जाऊन हात ठेवला. उशा होत्या.

पुन्हा सांगायचा धीर नाही. इंजिनाच्या पंपाला काही झालेलं नाही, गाडी हलू नये म्हणून थाप मारली. तू तिला पत्राने कळव. उत्तर माझ्या एकट्याच्या नावाने.

लोभ ठेवण्यासारखं मी काही केलेलं नाही, तरी ठेव.
ड्वेन


बेन्सन
२७ जून १९९८

ड्वेन, नमस्कार चमत्कार नंतर.

मी लव्हॉनला काहीही कळवणार नाही. उशांना सांगितलंस तेच बायकोला सांग, शब्द न बदलता. तुझा तो चाळीस मैलांचा धीर फुकट गेला याचं मला वाईट वाटतं, पत्र वाचून मी शेगडीपाशी उभी राहून रडले. पण तिकडे ती तुला खोटारडा नाहीतर खुळा समजून झुरते आहे. हेरल्डने छातीतलं दुखणं माझ्यापासून चार महिने लपवलं. मला काळजी नको म्हणून! मला ते डॉक्टरांकडून कळलं. तो गेल्याचं दुःख आता सोसतं, पण माझ्याशेजारी बसून एकटाच घाबरत होता, हे अजून सोसत नाही. माझ्या बहिणीला हे देऊ नकोस.

आणि गाडी कोण चालवणार म्हणून तुझं अडलं असेल, तर ऐक. तुझी गाठ पडायच्या आधी, चौदाव्या वर्षी, कापणीच्या दिवसांत बाबांचा धान्याचा ट्रक लव्हॉनच गोदामापर्यंत न्यायची. बाबा स्वतः चालवत असले तरी ट्रक मागे घ्यायची वेळ आली की खाली उतरून तिच्या हाती चाक द्यायचे. लग्नानंतर तू चाक धरलंस ते सोडलंच नाहीस, म्हणून ती शेजारी बसली.

हे पत्र वाचून झालं की घडी घाल आणि बोल. कॉफी होईपर्यंतसुद्धा थांबू नकोस.

लोभ आहे म्हणूनच रागावते.
मार्लिस


न्यूपोर्ट, ऑरेगन
१६ जुलै १९९८

प्रिय मार्लिसला समुद्रकाठावरून सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र त्याने वाचलं, घडी घातली आणि पोस्टाच्या पायरीवरच बोलला. मी त्याला ऐकवणार नाही असं बोलले, मग रडले, मग किल्ली मागितली. त्याने ती लगेच दिली नाही. दोन बोटांत धरून बराच वेळ बसला, आणि मग माझ्या तळहातावर ठेवून माझी मूठ स्वतःच मिटली. आमच्या लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, पण त्याला इतकं जड काही देताना मी पाहिलं नव्हतं.

चार दिवस जत्रेच्या मोकळ्या मैदानात त्याने मला शिकवलं, नव्या बसचालकांना शिकवायचा तसं. आधी आरसे, मग ब्रेक, मग पुन्हा आरसे. मी एक कचऱ्याचा डबा चेपला. बिगहॉर्नचा घाट पहिल्या गिअरवर उतरले तेव्हा मागे अकरा गाड्या तुंबल्या होत्या. घाट संपल्यावर तो म्हणाला, काही वाईट नाही. चर्चमधल्या त्या बाईला सांग, माँटाना कधीच मागे पडलं, पैजेचे पैसे काढ.

काल समुद्र बघितला. वाळूत खुर्च्या टाकून बसलो. मी घाबरतच विचारलं, दिसतो का. म्हणाला, मधला भाग पुसला जातो, पण याला कडा पुष्कळ आहेत. मग मान तिरकी करून माझ्याकडे बघत बसला. मी हललेसुद्धा नाही. त्याला हवं तेवढं बघू दिलं.

परतीच्या वाटेला लागण्यापूर्वी आज दुपारी पेट्रोल भरलं. तो जेवून मागे पडला होता. पैसे देऊन आले, किल्ली लावली आणि मग माझी मीच उठले. पाच पावलं चालून मागे गेले. तुझी गोधडी उंच दिसत होती. दिसण्यावर मी आता भरवसा ठेवत नाही. हात ठेवला आणि खालचा श्वास वर येऊन हाताला लागेपर्यंत तो उचलला नाही. मग पुढे येऊन गाडी सुरू केली.

पुढचं उत्तर बॉइझी, आयडाहोच्या पोस्टात. लोभ भरपूर पाठव, गाडीत जागा आहे.
तुझी
लव्हॉन

ता. क. ड्वेन विचारतो, हेरल्डची सुटकेस अजून माळ्यावरच आहे का. पुढच्या उन्हाळ्यात पलंगाखाली ती मावेल, मी मोजून पाहिलं. तुला समोरच्या सीटवर बसवू, आणि निघताना माणसं मोजूनही घेऊ.